घरटी एक माणूस

अमरावतीला कशाला गेलात, असं परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं. खरं उत्तर एवढंच की मला नाही म्हणायचा कंटाळा आला होता. डॉक्टरांना संख्याशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर तरी सुटका होईल असं वाटलं होतं, पण कुठल्या तरी गावातल्या डॉक्टरांना संशोधनाचा अर्ज कसा लिहावा हे शिकवायचं असलं की फोन मलाच येतो. कारण सोपं आहे. मी मानधनावरून घासाघीस करत नाही, आणि दुसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात खालचा बर्थ मिळाला की गप्प बसते.

या वेळी दोन कामं होती. पहिलं, अमरावतीत दोन दिवसांचं शिबिर. दुसरं, अकोल्यात एका डॉक्टरच्या चालू संशोधनाची पाहणी. संशोधनाला पैसे देणारी जी संस्था आहे, तिचं नाव सांगत नाही, त्यांनी मला सांगितलं होतं की अकोल्याचं पहिलं वर्ष संपलंय, पुढच्या तीन वर्षांचा निधी द्यायचा की नाही हे तुम्ही जाऊन, बघून, लिहून द्या. म्हणजे डॉ. वर्षा राऊत या बाईचं पुढचं सगळं माझ्या दोन पानांवर अडलेलं होतं. मार्च महिना, डाव्या गुडघ्यात पाणी झालेलं, आणि बॅगेत तीन सुती साड्या. निघाले.

अमरावती

बडनेऱ्याला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजायचे होते आणि ऊन पुण्याच्या दुपारचं होतं. न्यायला आलेल्या ड्रायव्हरचं नाव गजानन. या भागात दर चौथा माणूस गजानन निघतो आणि त्याला सगळे गजूभाऊ म्हणतात. पुढचे चार दिवस हाच माझा सोबती.

शिबिराचं काय सांगू! दहाला सुरू व्हायचं ते अकराला सुरू झालं. दीपप्रज्वलन करायला गेलो तर पंख्यामुळे समई पेटेना, पंखे बंद केले तर पाहुण्यांना घाम फुटला, मग एक पंखा चालू ठेवून त्याच्या आणि समईच्या मध्ये एका प्राध्यापकांना उभं केलं. मग सत्कार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि एक काचेचं स्मृतिचिन्ह, ज्यावर माझं आडनाव चुकलेलं. मार्चमध्ये शाल पांघरून मी बारा वाजेपर्यंत व्यासपीठावर बसून होते. पुण्यात असं झालं असतं तर मी फाडकन बोलले असते. इथे बोलवेना, कारण ज्यानं शाल घातली त्यानं इतक्या मनापासून घातली होती की काढून ठेवणं म्हणजे त्याचा अपमान.

सकाळी सत्तर डॉक्टरांनी सह्या केल्या होत्या. सही केली की क्रेडिट गुण मिळतात, ते मिळाल्याशिवाय डॉक्टरकीचा परवाना नव्यानं मिळत नाही. जेवणानंतर मोजले तर तीस उरले होते, त्यातले निम्मे पेंगत होते. मी त्यांना दोष देत नाही. मीही पेंगत होते, फक्त माझ्या हातात माइक होता म्हणून उभी होते. निधी कुठून मिळतो, अर्जात काय लिहायचं, रुग्णाची संमती कशी घ्यायची, मधेच माणसं गळाली तर हिशेब कसा करायचा. तीच पानं, तेच विनोद. पडद्यावरचं चित्र हिरवं दिसत होतं तेही कुणी दुरुस्त केलं नाही.

एक वरूडचे डॉक्टर मात्र जागे होते. साठीचे, जाडजूड, पहिल्याच रांगेत. ते उठून म्हणाले, "मॅडम, एक सांगा. हे पैसे भेटतात तरी काय कोनाले?"

मी म्हणाले, मिळतात, पण फार थोड्यांना.

"मंग असं सरळ सांगा ना! दोन दिवसाचं जेवन अन् सर्टिफिकेट भेटते, बाकी आपापल्या नशिबानं."

सभागृह जागं होऊन हसलं. पुण्यात असला प्रश्न कुणी विचारत नाही. पुण्यात लोक बाहेर चहाच्या वेळी एकमेकांच्या कानात बोलतात. मला राग यायला हवा होता, आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गृहस्थांनी आपल्या बागेतली संत्र्यांची पेटी आणून माझ्या पायाशी ठेवली. "आमचा मृग बहार हाये. पुन्याले असे भेटत नाही," एवढंच म्हणून गेले. वरूडकडे म्हणे या दिवसांत रस्त्याच्या कडेला नुसती संत्र्यांची पॅकिंग चालू असते आणि ट्रकमागून ट्रक निघतात. मला ते बघायचं होतं. वेळ नव्हता.

अमरावतीतली एकच गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे गिला वडा. दह्याचटणीत बुडवलेला, खाताना हातावर ओघळणारा. गजूभाऊंनी गाडी थांबवून खायला घातला. दोन खाल्ले आणि रात्री त्याची शिक्षा भोगली.

डॉ. वर्षा राऊत शिबिराला दोन्ही दिवस पूर्णवेळ बसली होती. चाळिशीची, काळी सावळी, केस घट्ट बांधलेले, अकोल्यातल्या एका रुग्णालयात शिकवते. तिला तिथे बसायची काही गरज नव्हती. ती यातलं सगळं माझ्याकडूनच, पुण्यातल्या एका शिबिरात, आधी शिकून गेली होती. त्या शिबिरात शिकूनच तिनं अर्ज लिहिला होता आणि तिला निधी मिळाला होता. माझ्या एवढ्या वर्षांच्या शिकवणीतून खरोखर पैसे मिळवलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातली ही एक. तिच्याबद्दल मला अभिमान होता, हे आधीच कबूल करून टाकते.

अकोला, जठारपेठ

तिसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याला पोचलो. राहायची सोय वर्षाच्याच घरी, जठारपेठेत. नियमाप्रमाणे पाहणी करणाऱ्यानं ज्याची पाहणी करायची त्याच्या घरी उतरू नये. मी तसं म्हणालेसुद्धा. पण दारात तिची आई उभी होती आणि तिनं माझी बॅग हातातून काढून घेतली.

"लॉजवर काहून जाता? घर काय पडलं आमचं?"

प्रश्नच मिटला. आईचं सगळं आयुष्य भाजीच्या मळ्यात गेलेलं. वांगी, कोथिंबीर, झेंडू पिकवायचा आणि पहाटे अकोल्याच्या बाजारात आणून विकायचा. त्यावर एक मुलगी डॉक्टर झाली. रात्री तिनं रोडगे केले होते. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, फोडून त्यात तुपाची धार, बरोबर वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. मी दुसऱ्या रोडग्याला नको म्हणाले तर म्हातारी म्हणाली, "तुमी पुन्याचे लोकं. जेवाले बलावता अन् पोया मोजता."

"मोजतो, पण मनात," मी म्हणाले. ती खो खो हसली. वर्षा मात्र हसली नाही. ती जेवतही नव्हती. आई आत गेल्यावर मला म्हणाली, "मॅडम, निधी थांबला तर गावातलं काम बघणाऱ्या सुमनताईचा पगार या महिन्यापासून बंद. टेक्निशियनला तर मी आत्ताच सांगून ठेवलंय. आणि ती गावंसुद्धा सुटतील."

तिचं काम थोडक्यात असं. इकडे मळ्यात, बागेत उन्हातान्हात राबणाऱ्या धडधाकट माणसांची मूत्रपिंडं हळूहळू निकामी होतात. दारू नाही, मधुमेह नाही, तरी होतात. वर्षाला वाटत होतं की ऊन, कमी पाणी आणि अंगदुखीवर रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्या, या तिघांचा हा प्रताप असावा. तिनं पातूरच्या रस्त्यावरची काही गावं निवडली, घराघरातून माणसं घेतली, रक्त तपासलं, आणि साधा सल्ला दिला. बारा ते तीन सावलीत बसा, मीठ-लिंबू घातलेलं पाणी प्या, गोळ्या बंद करा. मग दर तीन महिन्यांनी परत रक्त. आणि वर्षअखेर दिसलं असं की ज्यांचं रक्त बिघडलेलं होतं त्यातल्या बऱ्याच जणांचं सुधारलं. औषध नाही, खर्च नाही, नुसत्या सल्ल्यानं. हे खरं असेल तर फार मोठी गोष्ट होती. ती जेवत का नव्हती ते मला समजत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयातल्या तिच्या खोलीत रजिस्टरं उघडली. मला कागद वाचायला आवडतात, माणसांपेक्षा जरा जास्तच. तासाभरात एक गोष्ट खटकली. एकही माणूस गळलेला नव्हता. चार तपासण्या, आणि चारही वेळा प्रत्येक नावापुढे टिक. पुण्यात आम्ही असलं काम करतो तेव्हा वर्षाच्या शेवटी निम्मी माणसं फोन उचलत नाहीत. कुणी घर बदलतं, कुणी कंटाळतं, कुणाची सासू म्हणते आता पुरे झालं ते रक्त देणं. कोणी गळालंच नाही असं रजिस्टर मी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

"वर्षा, कोणीच चुकलं नाही?"

"नाही मॅडम. आमचे लोक शब्दाचे पक्के आहेत." केवढ्या अभिमानानं म्हणाली!

माझ्या मनात पाल चुकचुकली. असं रजिस्टर दोनच प्रकारे तयार होतं, देवाच्या कृपेनं किंवा टेबलावर बसून. मग मी उंचीचा रकाना बघायला घेतला. उंची खरं तर एकदाच मोजतात, पण छापील फॉर्ममध्ये दर वेळी रकाना होता म्हणून हिच्या माणसांनी इमानेइतबारे दर वेळी मोजली होती. प्रल्हाद नावाचा एक माणूस, वय पन्नास. पहिल्या तपासणीत त्याची जी उंची होती ती दुसऱ्यात चार बोटं वाढली. तिसऱ्यात तेवढीच. चौथ्यात तेवढीच. आणखी एक बाई होती ती दोन बोटं कमी होऊन परत वाढली. मी पेन्सिलीनं खुणा करत गेले. पान उलटावं तशा खुणा वाढत गेल्या.

वर्षा आधी हसली. "टेप नीट धरला नसेल." मग मी तिला प्रल्हादचं रक्त दाखवलं. पहिल्या वेळी खूप बिघडलेलं, दुसऱ्या वेळेपासून अगदी तरण्या माणसासारखं. ती हसायची थांबली. खुर्चीत बसली, उठली, परत बसली.

"मॅडम, तुम्हाला वाटतं मी हे खोटं..."

"मला अजून काहीच वाटत नाही," मी म्हणाले. हे खरं नव्हतं. मला वाटतच होतं, आणि वाईट वाटत होतं. "गावात जाऊ या. आत्ता."

पातूरच्या रस्त्यावर

रस्त्यात गजूभाऊंनी विचारलं, "मॅडम, पातूरच्या लेण्या पाहाच्या काय? जुन्या हायेत लय, दगडातच कोरेल." मग बिचाऱ्यानं आरशात आमची तोंडं बघितली आणि गाणी लावली. थोड्या वेळानं तीही बंद केली.

गावाचं नाव सांगत नाही. भाजीचं गाव आहे. दोन्ही बाजूंना मळे, मेथी, टमाटे, मधे झेंडूचे पट्टे, आणि अकराच्या उन्हात वाकलेली माणसं. पाराजवळ सुमनताई भेटल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कडक. त्या शेजारच्याच गावच्या, वर्षाच्या अभ्यासाचं गावातलं सगळं काम यांच्याकडे. बोलावणं, नाव लावणं, टिक करणं. वर्षा पुढच्या तपासण्यांना स्वतः येऊ शकली नव्हती, रुग्णालयातून सुटी नव्हती. रक्त काढणारा टेक्निशियनही दर वेळी नवा.

वर्षानं विचारलं, "ताई, प्रल्हादभाऊ तपासणीला येतात ना?"

"येतात ना. कधीच खाडा नाही त्या घराचा."

"घराचा नाही, प्रल्हादभाऊ स्वतः येतात का?"

सुमनताईंनी असा चेहरा केला की हा काय प्रश्न झाला. "तो कसा येईन? तपासनी मंगयवारची, अन् मंगयवारी पहाटे माल घेऊन अकोल्याले जाते तो. त्याचा भाऊ येते. वासुदेव."

मी विचारलं, "आणि बाकीच्यांचं?"

"ज्याले जमलं तो येते. कोनाची जाऊ, कोनाचा पोरगा. पन घर सुटू नाही देल्लं म्या एकही." हे सांगताना बाईचा ऊर भरून आला होता. वर्षभर दारोदार हिंडून तिनं ते केलं होतं.

"ताई, रक्त त्याच माणसाचं पाहिजे होतं ना!" वर्षाचा आवाज फाटला.

"मंग तसं सांगाले पाहिजे होतं. तुमीच तर पाराखाली उभ्या राहून म्हणल्या होत्या, घरटी एक मानूस द्या. आमच्याइथं घरटी एक म्हणजे घरटी एक. लग्न असो, मयत असो, नाला साफ कराचा असो. घरातलं एक मानूस आलं का घर आलं. तुमाले का हे मालूम नाही? तुमी काय पुन्याच्या हा?"

वर्षाला माहीत होतं, तेच तर वाईट. ती अशाच घरातली. तिनं ते वाक्य उच्चारलं तेव्हा तिच्या आतली डॉक्टर एक म्हणत होती आणि आतली मळ्यातली मुलगी दुसरं, आणि लोकांनी आपल्या मुलीचं ऐकलं. आणि मूळ वाक्य माझंच होतं. चिठ्ठी टाकून प्रत्येक घरातून एक माणूस निवडा, हे पुण्याच्या शिबिरात फळ्यावर मी लिहिलेलं.

त्यात खोटेपणा कुणाचाच नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं. ते पाच मिनिटंही टिकलं नाही, कारण वर्षा एकदम उठून म्हणाली, "प्रल्हादभाऊंचं घर."

घरात प्रल्हादभाऊंचे वडील, म्हातारे काशिनाथबुवा, खाटेवर बसले होते. आम्ही गेल्यागेल्या त्यांनी आतून पाणी आणि गूळ मागवला. वर्षानं दुसऱ्या तपासणीनंतर या घरी निरोप पाठवला होता. प्रल्हादभाऊंचं रक्त चांगलं झालंय, काळजी नाही. बुवांना तो निरोप तोंडपाठ होता. "तुमचा निरोप आला अन् आमाले लय बरं वाटलं, माय. त्याच्या बायकोनं गावात साखर वाटली."

"ते रक्त वासुदेवभाऊंचं होतं ना?"

"हो. मंग? भाऊच ना तो त्याचा. एका मायचे लेकरं, एकच रगत."

"प्रल्हादभाऊ कुठायत?"

मळ्यातून बोलावून आणलं. मी त्यांना चालत येताना बघितलं आणि आकडे बघायची गरजच संपली. चेहरा सुजलेला, चपलेचा पट्टा पायात रुतलेला. चप्पल काढली तर खड्डा तसाच राहिला. मागोमाग भाऊ आला, वासुदेव. चार बोटं उंच.

वर्षानं विचारलं, गोळ्या घेता का?

"मधी बंद केल्या होत्या," प्रल्हादभाऊ म्हणाले. "मंग तुमचा निरोप आला का समदं ठीक हाये, तवा चालू केल्या. पाठ लय दुखते ना माल उचलून. पायाले सूज येऊन राह्यली होती पन म्हणलं डॉक्टरनं त पास केलं आपल्याले."

बुवा म्हणाले, जेवून जा. वर्षा त्यांना म्हणाली, "आजोबा, जेवायला नंतर येईन. आत्ता यांना माझ्यासंग पाठवा." मग त्या घरात पहिल्यांदा भीती दिसली. प्रल्हादभाऊ म्हणत होते उद्याचा माल निघाला की येतो. वासुदेवनं त्यांचं काही ऐकलं नाही, बखोटीला धरून गाडीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. गजूभाऊंनी गाडी अशी हाकली की माझा गुडघा पुढच्या सीटवर तीनदा आपटला.

परत अकोला

संध्याकाळपर्यंत रिपोर्ट आला. जितकं वाईट असेल असं वाटलं होतं, त्याहून वाईट. वर्षानं स्वतः भरती करून घेतलं, स्वतः सुई लावली, स्वतः प्रल्हादभाऊंना सांगितलं. मी बाहेर बाकावर बसून होते. मला तिथे काही कामच नव्हतं. संख्याशास्त्र शिकलेल्या बाईचा दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर काडीचा उपयोग नसतो, हे या वयात नव्यानं समजलं.

वासुदेव माझ्या शेजारी येऊन बसला. कोपराच्या घडीत जिथे दर तीन महिन्यांनी सुई टोचली होती ती जागा चोळत होता. मग म्हणाला, "मॅडम, तुमी मोठ्या हा. तुमाले समजते. माह्या रगतानंच घात केला ना त्याचा?"

मी चटकन म्हणाले, "नाही हो. तसं काही नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि आत गेला.

रात्री वर्षा घरी आली तेव्हा तिच्या आईनं ताट वाढून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. ती माझ्यासमोर बसून म्हणाली, "तुम्हीच शिकवलं होतं ना, घरटी एक माणूस निवडायचा?"

"निवडायचा म्हणाले होते. मागायचा नव्हे."

बोलून गेले आणि जीभ चावली. ती माझ्याकडे अशी बघत होती की वाटलं उठून बॅग भरावी. पण ती भांडली नाही. म्हणाली, "काय लिहिणार?"

"वर्षभराची आकडेवारी वापरण्यालायक नाही. निधी पुढे देऊ नये."

"लिहा." मग म्हणाली, "मी उद्यापासून सगळ्या घरी जाते. ज्यांना ज्यांना मी ठीक म्हणून कळवलं ते सगळे. त्याला कुणी पैसे देवोत, न देवोत."

मी म्हणाले, मी थांबते दोन दिवस, उंची बघून कुणाकुणाच्या जागी दुसरा आला होता ती यादी तरी करून देते. थांबले. जठारपेठेतल्या त्या घरात जेवणाच्या टेबलावर रजिस्टरं पसरून दोन दिवस तेवढंच केलं. म्हातारी मधूनमधून चहा आणून ठेवायची. सुमनताई दुसऱ्या दिवशी आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि एकेका नावापुढे खरं कोण आलं होतं ते सांगत गेल्या. एकही विसरल्या नव्हत्या. माझ्या खुणांपेक्षा त्यांची यादी जवळजवळ दुप्पट निघाली, कारण सारख्या उंचीचे भाऊही असतात. रडत नव्हत्या, पण प्रत्येक नाव सांगून झालं की पदरानं तोंड पुसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, म्या चांगलंच कराले गेली होती." मला माहीत आहे, मी म्हणाले. आम्ही दोघींनी मिळून वरूडची संत्री खाल्ली. गोड होती.

पुणे

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी अहवाल लिहिला. दोन पानं. पहिल्या पानावर सगळं खरं लिहिलं, दुसऱ्यावर एवढंच की चूक लपवायला भरपूर वाव असताना डॉक्टरनं ती लपवली नाही, आणि त्या डॉक्टरला पुन्हा अर्ज करायची संधी द्यावी. निधी थांबला. माझ्या शिफारशीबद्दल आभाराचं पत्र आलं, पुढे काही नाही. त्याच आठवड्यात सोलापूरच्या शिबिराचा फोन आला. मी हो म्हणाले.

वर्षाचा दोन महिने फोन नाही. मीही केला नाही, तोंड नव्हतं. मे संपता संपता तिचा आला. आवाज दमलेला होता. प्रल्हादभाऊंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागतं. वासुदेव मोटरसायकलवर घेऊन येतो, चार तास बाहेर बसतो, घेऊन जातो. जुन्या यादीतली आणखी तीन माणसं वेळेत सापडली, त्यांचं औषध चालू आहे. सुमनताई पगाराविना येतात. पुन्हा अर्ज लिहितेय, या वेळी घरातल्या सगळ्यांचं रक्त घेणार, मिळाले पैसे तर मिळाले.

"आणि गावातली माणसं?" मी विचारलं. "येतात अजून?"

"वासुदेवभाऊ आणतात. मंगळवारी पहाटेच घरोघरी जातात. ज्याचं नाव असेल त्यालाच उठवून आणतात, माल राहिला तर राहिला म्हणतात. त्यांचं कुणी टाळत नाही." मग म्हणाली, "मॅडम, त्यांनी मला विचारलं होतं, माझ्या रक्तानं त्याचा घात झाला का म्हणून. मी हो म्हणाले. म्हटलं, झाला. चूक माझी, तुम्हाला नीट सांगितलं नाही ही माझी, पण झालं तसंच. फार रडले. दुसऱ्या मंगळवारपासून स्वतःहून हिंडायला लागले."

मी फोन धरून बसले होते. ती म्हणाली, ऐकताय ना? मी म्हणाले, ऐकतेय. त्यानं तोच प्रश्न मला आधी विचारला होता आणि मी नाही म्हणाले होते, हे मात्र मी तिला सांगितलं नाही.